परळीत घरच्यांचा फोटो काढताय? आधी चार पावलं मागं सरका

परळी वैजनाथ : अहिल्यादेवी होळकरांनी जीर्णोद्धार केलेल्या वैजनाथ मंदिराच्या पायऱ्यांवर अख्ख्या घराचा फोटो निघतो, पण कडेच्या आजीचा चेहरा ताणलेला दिसतो. कारण फोटो फार जवळून, रुंद लेन्सने काढलेला असतो.

फुल फ्रेम कॅमेऱ्याला २४-१०५ मिमीची झूम लेन्स असेल तर मंदिर, पायऱ्यांसाठी २४ ठेवा. घरच्यांसाठी मागं सरकून ५०, एकट्या चेहऱ्यासाठी ८५ च्या आसपास.

मोबाईलला टेलिफोटो लेन्स असेल तर २ किंवा ३ एक्स वापरा. नसेल तर जास्त झूम नको; डिजिटल झूम फोटो कापून मोठा करतो, म्हणून तो फुटतो.

आजी-आजोबांना मधोमध बसवा. पुढं भिंतीवर लावायला बऱ्याचदा हाच फोटो शोधला जातो.