श्रोत्यांची शिरगणती

नभोवाणी केंद्रांच्या लोकप्रियतेची क्रमवारी हाती आली की ज्याचा क्रमांक वर चढला तो केंद्रचालक नगारे वाजवू लागतो, आणि ज्याचा खाली घसरला तो निवेदक बदलतो, गाणी बदलतो, प्रसंगी केंद्राचा सारा तोंडवळाच पालटून टाकतो. जणू देवाने उजवा कौल दिला की काम सुरू करावे आणि डावा दिला की थांबावे, तशी या आकड्यांवर श्रद्धा ठेवली जाते. परंतु कौल देवाचा असतो. हा आकडा माणसांनी, विशिष्ट पद्धतीने आणि विशिष्ट हेतूने काढलेला असतो. म्हणून तो कसा निघतो हे श्रोत्यांनी समजून घेणे आवश्यक आहे, असे आम्हांस वाटते.

पद्धत तशी साधी आहे. शहरातील काही निवडक व्यक्तींना रोजनिशी दिली जाते. कोणते केंद्र किती वेळ ऐकले याची नोंद त्यांनी पाव-पाव तासाच्या रकान्यांत करावयाची असते. त्यावरून केंद्राचा ‘हिस्सा’ ठरतो. आता हा हिस्सा म्हणजे केवळ डोकी नव्हेत. तो डोकी आणि वेळ यांचा गुणाकार आहे. एखादे केंद्र शंभर लोक रोज साठ मिनिटे ऐकत असतील तर ती सहा हजार मिनिटे झाली. उद्या श्रोते वाढून एकशेवीस झाले, पण प्रत्येकजण चाळीसच मिनिटे ऐकू लागला, तर चार हजार आठशे मिनिटेच भरतात. श्रोते वाढले आणि हिस्सा मात्र घटला! अशा केंद्राला ‘लोकांनी नाकारले’ म्हणणे हा शुद्ध अन्याय होय.

दुसरी गोष्ट नमुन्याची. पाचशे व्यक्तींच्या पाहणीत एखाद्या केंद्राचा हिस्सा पाच टक्के निघाला, तर संख्याशास्त्राच्या नियमाप्रमाणे खरा आकडा तीन ते सात टक्क्यांच्या दरम्यान कोठेही असू शकतो. मग या खेपेस पाच आणि पुढल्या खेपेस चार, यात उत्कर्ष कोणता आणि ऱ्हास कोणता? भरतीच्या वेळी खाडीकाठी उभे राहून एका लाटेवरून पाण्याची उंची ठरवण्याइतकेच हे शहाणपणाचे आहे. लागोपाठ तीन-चार पाहण्यांत एकच दिशा दिसली, तरच ती दिशा मानावी.

याहून बोलका अनुभव अमेरिकेचा आहे. तेथील आर्बिट्रॉन या संस्थेने २००७ सालापासून एकेका शहरात रोजनिशी काढून घेऊन श्रोत्यांच्या अंगावर बाळगावयाचे एक लहानसे यंत्र आणले. रोजनिशीत माणूस आपल्या आवडीचे केंद्र आठवून लिहितो. यंत्र मात्र दुकानात, कचेरीत कानावर पडलेलेही टिपून ठेवते. परिणामी श्रोते तेच, केंद्रे तीच, तरी क्रमवारी उलटीपालटी झाली. कृष्णवर्णीय आणि स्पॅनिश भाषिक श्रोत्यांच्या अनेक केंद्रांचे आकडे कोसळले. नमुन्यात आमच्या लोकांना पुरेसे स्थान नाही, अशी त्यांची तक्रार होती. २००८ साली न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्याने या संस्थेवर न्यायालयात दावा लावला आणि २००९ मध्ये नमुना सुधारण्याच्या अटींवर तडजोड झाली. मोजपट्टी बदलली की कोणाची उंची आधी कमी होते, हे त्यातून जगाला कळले. ती अल्पसंख्य भाषिकांची होते.

तथापि आकडे फेकून द्यावेत असे आमचे म्हणणे नाही. श्रोत्यांची आवड डावलल्यास काय घडते याचा धडा आपल्या आकाशवाणीने घेतलेला आहे. १९५२ साली नभोवाणी खाते डॉ. बाळकृष्ण केसकर या मराठी विद्वानाकडे आले. शास्त्रीय संगीतावरील त्यांच्या निष्ठेबद्दल शंका नाही. पण त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी मोर्चे काढले नाहीत. त्यांनी निमूटपणे काटा फिरवून रेडिओ सिलोन लावले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तेथून सुरू झालेल्या ‘बिनाका गीतमाले’ने अमीन सयानी यांचा आवाज घराघरांत नेला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून आकाशवाणीला श्रोत्यांच्या मागे जावे लागले. काटा फिरवणाऱ्या बोटांचा तो कौल होता, आणि तो कौल देण्यास कोणत्याही रोजनिशीची गरज पडली नाही.

आता गोमंतकाकडे वळू. आपल्या देशात खाजगी केंद्रांसाठी नियमित रोजनिशी पद्धत २००७ साली सुरू झाली ती मुंबई, दिल्ली, बंगळूर अशा महानगरांत. पणजीसारखी लहान शहरे त्या आरंभीच्या यादीत नव्हती. कारण उघड आहे. ही मोजणी जाहिरातदारांसाठी असते आणि तिचा खर्च मोठ्या बाजारपेठेतच भरून निघतो. म्हणजे वांद्र्याच्या किंवा जयनगरच्या श्रोत्याने काय ऐकले त्यावरून यशाचा साचा ठरावा, आणि तोच साचा म्हापसा-मडगावच्या श्रोत्याच्या कानी बसवावा, असा हा व्यवहार होय. त्या साच्यात घुमटाच्या आरतीला, पहाटेच्या अभंगाला, नाट्यगीताला, कोकणी फेलाला जागा कोठून असणार?

आणि ज्या सेवेचे मोल आकड्यात येतच नाही तिचे काय? १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा गावेच्या गावे अंधारात होती. अशा रात्री बॅटरीवर चालणारा साधा रेडिओ आणि समुद्रात न जाण्याचा इशारा आपल्या भाषेत देणारा आवाज, यांची किंमत पाव तासाच्या कोणत्या रकान्यात लिहावी? खाजगी केंद्रांना २०११ च्या धोरणानेही स्वतःच्या बातम्या देण्याची मोकळीक दिली नाही. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवण्याची मुभा तेवढी दिली. तेव्हा ही जबाबदारी प्रामुख्याने सार्वजनिक नभोवाणीचीच ठरते. हवेतील लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला आहे. मालमत्ता जनतेची असेल तर तिचा हिशेबही जनतेच्या गरजेने मांडला पाहिजे, केवळ जाहिरातीच्या दराने नव्हे.

१९४६ साली पोर्तुगीज अमदानीत ‘एमिसोरा दि गोवा’ सुरू झाले तेव्हा येथील ध्वनिक्षेपणावर परकी सत्तेची मालकी होती. मुक्तीनंतर तेथे आकाशवाणी आली आणि आपली बोली, आपले भजन, आपली शेती त्या लहरींवर हक्काने वावरू लागली. तो हक्क एका आकड्याच्या चढउतारावर सोडून देणे आम्हांस मान्य नाही. आकाशवाणीने गोव्यातील श्रोत्यांची स्वतंत्र पाहणी करावी. ती कोकणी आणि मराठी दोन्ही भाषांत, शहरात तशीच काणकोण-सत्तरीच्या वाड्यांवर व्हावी. किती जणांना विचारले आणि कधी विचारले हे निष्कर्षांसोबत प्रसिद्ध करावे. आणि एका पाहणीवरून कोणताही जुना कार्यक्रम बंद करू नये. श्रोत्यांनीही आपले कर्तव्य विसरू नये. आवडलेल्या कार्यक्रमासाठी एक पत्र लिहिण्याचा आळस आपण करतो, आणि तो कार्यक्रम बंद पडला की हळहळतो. ज्याची नोंद नाही तो श्रोता हिशेबात नाही, असा आजचा न्याय आहे. तो बदलेपर्यंत आपली नोंद आपणच केली पाहिजे.