वाघोलीची निळाई आणि आपला कातळ

जुन्नर-आंबेगावात विहिरीचं काम करणारी माणसं खडक हाताने ओळखतात. वरचा मुरूम संपला की मांजऱ्या लागतो, तो पहारीला दाद देतो. खाली काळा पाषाण आला की सुरुंगाशिवाय इलाज नसतो. मांजऱ्याच्या ढेकळांत पांढरे, चमकणारे खडे भरलेले असतात. काठावर टाकलेल्या डबरातून मुलं ते वेचतात आणि मोठी माणसं ‘गार आहे’ म्हणून पुढे जातात. पण त्यातले कित्येक खडे गार नसतात. गारेने काचेवर ओरखडा उठतो, या खड्यांनी उठत नाही. फुटलेल्या अंगावर मोत्यासारखी झाक दिसली तर तो बहुधा स्टिलबाइट, म्हणजे झिओलाइट गटातलं खनिज. याच स्टिलबाइटच्या मांडीवर, पुणे-नगर रस्त्यावरच्या वाघोलीच्या खाणींत, एक निळा दगड वाढलेला सापडतो. त्याचं नाव कॅव्हनसाइट. जगभरचे खनिजसंग्राहक वाघोलीचं नाव घेतात ते त्याच्यामुळे.

रंग कसा? नारायणगावच्या द्राक्षबागाईतदाराला एका शब्दात सांगता येईल: बोर्डो मिश्रणासाठी आणलेल्या मोरचुदासारखा. मोरचुदाची निळाई तांब्याची असते, कॅव्हनसाइटमध्ये मात्र तांबं नाही. त्याचा रंग व्हॅनेडियम या धातूचा. कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकॉन, ऑक्सिजन आणि स्फटिकाच्या जाळीत अडकलेलं पाणी, एवढाच त्याचा संसार. पुण्याच्या पाषाण भागातल्या जुन्या खाणींतून हिरवा अपोफिलाइट निघायचा, त्याची हिरवाईही व्हॅनेडियमचीच. एकच धातू, एका खनिजात हिरवा दिसतो आणि दुसऱ्यात निळा.

हा व्हॅनेडियम बाहेरून आलेला नाही. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले आणि सह्याद्रीचा हा सगळा बेसाल्ट तयार झाला. त्यात व्हॅनेडियम असतोच, पण दर किलो खडकामागे ग्रॅमचाही काही अंशच. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकले, त्यांची पोकळी राहिली. पुढे कोमट पाणी भेगांतून झिरपत राहिलं, खडकातली द्रव्यं विरघळवून घेत गेलं आणि त्या पोकळ्यांत एकेक खनिज उतरवत गेलं. बहुतेक ठिकाणी पांढरे झिओलाइट, कॅल्साइट, कधी अकीक. पाण्याने व्हॅनेडियम गोळा करावा, तो नेमक्या रासायनिक अवस्थेत टिकावा आणि स्फटिक व्हायला जागा मिळावी, हे सगळं एकाच ठिकाणी जुळून येणं फार दुर्मीळ. वाघोलीच्या फुटक्या, तुकड्यातुकड्यांच्या खडकात ते जुळलं.

आपल्या दोन तालुक्यांतला कातळ वाघोलीच्या कातळाचा भाऊबंदच आहे, आणि भूशास्त्रात त्याची स्वतःची ओळख आहे. डेक्कन ट्रॅपच्या थरांना अभ्यासकांनी जी नावं दिली, त्यांत ‘भीमाशंकर’ आहे, ‘मंचर’ आहे, ‘गिरवली’ आहे. मंचर आणि गिरवली ही नावं ज्या थरांना मिळाली, त्या काळ्या दगडात फेल्डस्पारच्या लांबट फिकट पट्ट्या उघड्या डोळ्यांनी दिसतात, काही बोटाच्या पेराएवढ्या. आयुकाची 2 मीटर व्यासाची दुर्बीण पाहायला गिरवलीला माणसं हौसेने जातात. वर आकाश पाहून झाल्यावर पायाखालचा दगडही पाहावा, अशी माझी त्यांना मनापासून विनंती आहे. जुन्नरची लेणी पाहतानाही तसंच. लेण्याद्रीला भिंतीवरचा हात काढून घेण्याआधी दगडाचा पोत बघावा: कुठे घट्ट, कुठे बुडबुड्यांच्या खुणांनी भरलेला.

कॅव्हनसाइट प्रथम सापडला तो मात्र अमेरिकेत, ऑरेगन राज्यात. 1973 मध्ये स्टेपल्स, इव्हान्स आणि लिंडसे यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. तिथले स्फटिक बारीक आणि थोडे. 1980 च्या दशकाच्या अखेरीस वाघोलीचा माल बाहेर पडू लागला आणि चित्रच पालटलं. आज अमेरिकेतल्या टूसॉनच्या किंवा जर्मनीतल्या म्युनिकच्या खनिज प्रदर्शनात कॅव्हनसाइट दिसला, तर तो पुणे जिल्ह्यातला असण्याचीच शक्यता जास्त.

चांगला नमुना भिंगाखाली धरला की त्याची थोरवी कळते. पांढऱ्या किंवा फिकट गुलाबी स्टिलबाइटच्या पात्यांवर निळा गोळा बसलेला असतो, बहुधा एक-दोन सेंटिमीटरचा. जवळून पाहिलं तर तो गोळा नसतोच. मध्यापासून चौफेर निघालेल्या शेकडो सुया असतात आणि प्रत्येकीचं टोक वेगळं चमकतं. एक सुटी सुई ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली फिरवली, तर ती एका दिशेला निळी दिसते आणि दुसऱ्या दिशेला जवळजवळ रंगहीन.

याचा एक जुळा भाऊ आहे, पेंटॅगोनाइट. रासायनिक सूत्र अगदी तेच, अणूंची मांडणी वेगळी. त्याचे स्फटिक एकमेकांत गुंतून पाच टोकांची चांदणी बनवतात. तोही वाघोलीला मिळतो, पण त्याहूनही दुर्मीळ.

उपयोग काय, हा प्रश्न हमखास येतो. व्हॅनेडियम पोलाद कणखर करायला लागतो, पण तो मिळवण्याइतका कॅव्हनसाइट कुठेच नाही. दागिन्यात बसवावा तर त्याचा कठीणपणा मोज मापनावर 3 ते 4, आणि रोजच्या धुळीतली वाळू 7. अंगठीत घातलेला कॅव्हनसाइट काही महिन्यांत निस्तेज होईल, एखाद्या धक्क्याने फुटेलही. फार तापवला तर आतलं पाणी जाऊन स्फटिकाची घडण बदलते. बाजारात तो ध्यानासाठी, आजारासाठी, राशीसाठी म्हणूनही विकला जातो. त्याला कसलाही आधार नाही आणि त्यापायी कुणी औषध थांबवू नये. खनिज कसं जन्मतं हे शिकवणं आणि डोळ्यांना आनंद देणं ही त्याची खरी कामं, आणि मला ती पुरेशी वाटतात.

विकत घेणाऱ्याने एक काळजी घ्यावी. सुटा निळा गोळा दुसऱ्याच स्टिलबाइटवर डिंकाने चिकटवून विकण्याचे प्रकार होतात. गोळ्याच्या बुडाशी भिंग लावावं. तिथे चकचकीत ओघळ किंवा बुडबुडे दिसले तर नमुना परत द्यावा. घरी आणल्यावर आम्लाने धुऊ नये, घासू नये. मऊ कुंचल्याने धूळ झटकली की झालं.

मला खरी खंत वाटते ती क्रशरची. वाघोलीच्या खाणी चालल्या त्या खडीसाठी. पुण्याच्या इमारती आणि रस्ते त्या खडीवर उभे आहेत आणि ती गरज नाकारता येत नाही. पण खाणीत निळं दिसलं आणि कुणी वेळेवर हात घातला, तरच नमुना वाचतो, नाहीतर तो जबड्यात जातो. जे वाचलं ते खाणकामगारांच्या नजरेमुळे वाचलं. त्यातलं बरंचसं परदेशी गेलं आणि इथल्या शाळांतल्या मुलांनी ते चित्रातही पाहिलेलं नाही. आळेफाट्यावरून संगमनेरमार्गे नाशिकला जाताना सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत ‘गारगोटी’ हे खनिजांचं संग्रहालय लागतं. शाळेची सहल तिथे एकदा तरी न्यावी.

आपल्याकडे निळा दगड निघेलच असं नाही. तरी पुढची विहीर खणताना डबरात पांढरे स्फटिक दिसले, तर दोन-चार ढेकळं बाजूला काढावीत. स्फटिक खडकातून उपटू नयेत, खडकासकटच ठेवावेत. खाणीत किंवा सुरुंग लावलेल्या विहिरीत मात्र परवानगीशिवाय उतरू नये. घरी आणलेल्या ढेकळासोबत गावाचं नाव, गट क्रमांक, किती फुटांवर लागलं आणि तिथे मांजऱ्या होता की पाषाण, एवढं कागदावर लिहावं आणि तो कागद दगडाबरोबरच शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या कपाटात ठेवावा. भूशास्त्राच्या अभ्यासकाला अशा चिठ्ठीसह आलेला साधा पांढरा खडा, ठावठिकाणा नसलेल्या देखण्या स्फटिकापेक्षा जास्त कामाचा असतो.