अनुमान आणि त्याची कसोटी

हिवतापाचे ‘मलेरिया’ हे नाव मूळचे इटालियन असून त्याचा अर्थ ‘दूषित हवा’ असा आहे. दलदलीवरून येणाऱ्या हवेने हा ताप येतो, असा शेकडो वर्षांचा समज त्या नावात साठविलेला आहे. दलदलीच्या प्रदेशात ताप अधिक, हे निरीक्षण खरेच होते. त्यावरून काढलेले अनुमान मात्र चुकले. या दोहोंतील अंतर ओळखणे ही शास्त्रीय पद्धतीची पहिली पायरी होय.

१८८० साली लाव्हराँ या फ्रेंच डॉक्टरांना अल्जीरियात रोग्याच्या रक्तात या तापाचे सूक्ष्म जंतू दिसले. मग ते एका माणसातून दुसऱ्या माणसात जातात कसे? त्यांचा डासाशी संबंध असावा, असे पॅट्रिक मॅन्सन यांनी १८९४ साली सुचविले. डास पाण्यात मरतात व ते पाणी पिण्यात आल्याने ताप येतो, अशी त्यांची कल्पना होती. हिंदुस्थानात वैद्यकीय सेवेत असलेल्या रोनाल्ड रॉस यांनी ती कसोटीस लावली. असे पाणी प्यालेल्या एका माणसास ताप आलाही! तेथेच थांबले असते, तर एक चुकीची कल्पना सिद्ध झाली असे ठरले असते. परंतु तोच प्रयोग इतरांवर केला, तेव्हा तो फसला. एकदा जुळून आलेली गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे.

मग रोग्यांना चावलेले डास चिरून तपासण्यात रॉस यांची सुमारे दोन वर्षे गेली. ते डास निराळ्याच जातींचे असल्याने हाती काही लागेना. अखेर २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे, ठिपकेदार पंखांच्या एका डासाच्या जठरात, त्यांना काळे कण असलेल्या गोल पेशी दिसल्या. रोग्याच्या रक्तातील जंतूंतही तसेच कण असत. दुसऱ्या दिवशी त्याच जातीचा उरलेला डास चिरला, तो पेशी मोठ्या झालेल्या! जंतू डासाच्या शरीरात वाढत होते. १८९८ साली कलकत्त्यास पक्ष्यांच्या हिवतापाचा अभ्यास करून रॉस यांनी जंतूंचा माग डासाच्या लाळग्रंथींपर्यंत काढला. त्याच वर्षी इटालियन शास्त्रज्ञांनी माणसाचा हिवताप अ‍ॅनॉफिलिस जातीचे डास पसरवितात, हे दाखवून दिले.

तरीही दूषित हवेचा समज पुरता गेला नव्हता. म्हणून १९०० साली दोन प्रयोग झाले. रोमजवळील ऑस्टियाच्या दलदलीत लो व सांबॉन हे डॉक्टर ऐन तापाच्या हंगामात एका झोपडीत राहिले. सूर्यास्तापूर्वी ते आत शिरत आणि क्विनीन घेत नसत. खिडक्यांना बारीक जाळी होती. रात्रीची हवा आत येई, डास तेवढे येत नसत. ते ठणठणीत राहिले. उलट, रोमहून लंडनला पाठविलेले बाधित डास मॅन्सन यांच्या मुलाने स्वेच्छेने चाववून घेतले, आणि दलदलीपासून दूर असूनही त्याला हिवताप आला. एकीकडे हवा होती, डास नव्हते. दुसरीकडे डास होते, ती हवा नव्हती. निर्णय आपोआप झाला.

आपले मत खोटे असेल तर ते उघडे पडावे, अशी परीक्षा मुद्दाम योजणे हे या पद्धतीचे मर्म होय. अमुक औषधाने गुण आला असे कोणी सांगितले, तर किती जणांना आला आणि औषध न घेणाऱ्यांचे काय झाले, हे विचारावे. सांगणारा थोर आहे की सामान्य, हा प्रश्न नंतरचा. हवेला दोष देत बसलेल्या माणसाला साचलेले पाणी काढून टाकण्याचे आणि मच्छरदाणीचे महत्त्व कळले, ते असे प्रश्न विचारले गेले म्हणूनच.