बल्ब पेटला म्हणजे अर्थिंग चांगले, असे नव्हे

चाकूर हे लातूर-नांदेड रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. अशा गावात घराचे वा दुकानाचे वायरिंग कसे होते, हे आपल्या कारागीर बंधूंना सांगायला नको. पॉइंटप्रमाणे मजुरी ठरते, पट्ट्या-पाइप ठोकले जातात, बोर्ड बसतात. शेवटी मिस्त्री शंभर वॅटचा बल्ब घेऊन त्याची एक तार फेजला व दुसरी अर्थिंगला लावतो. बल्ब फुल पेटला की अर्थिंग ओके आणि हिशेब चुकता. आमचे म्हणणे असे की ही परीक्षा फसवी आहे, आणि मराठवाड्याच्या जमिनीत तर ती अधिकच फसवते.

हिशेब साधा आहे. शंभर वॅटच्या बल्बचा रेझिस्टन्स सुमारे ५३० ओहम. अर्थिंगचा रेझिस्टन्स ५० ओहम, म्हणजे अगदी वाईट असला, तरी बल्बला २१० व्होल्टच्या आसपास दाब मिळतो. तो पेटतो, आणि डोळ्याला फरक कळत नाही. आता त्याच घरात ट्यूबच्या लोखंडी पट्टीत फेज उतरला असे समजा. २३० भागिले ५०, म्हणजे जमिनीत जाणारा करंट फार तर ४.६ अँपिअर. दिव्यांच्या सर्किटवरचा ५ अँपिअरचा फ्यूज किंवा ६ अँपिअरचा एमसीबी एवढ्याने उडत नाही. पट्टी जिवंत राहते आणि हात लावणाऱ्याची वाट पाहते. हाच रेझिस्टन्स ५ ओहम असता तर करंट ४६ अँपिअरपर्यंत गेला असता व फ्यूज तात्काळ गेला असता. बल्ब मात्र दोन्ही ठिकाणी सारखाच पेटला असता. शिवाय अर्थिंग खराब असताना ही परीक्षा केली, तर तेवढा वेळ अर्थिंगला जोडलेल्या सर्व लोखंडात दाब चढतो, हा वेगळाच धोका.

आपल्या भागातील काळी माती पावसाळ्यात ओली असते, तेव्हा अर्थिंगला तिच्यासारखी जमीन नाही. पण उन्हाळ्यात तीच माती आकसते, भेगा पडतात, आणि पाइपाभोवतीची माती पाइप सोडून देते. जेथे वीतभर मातीखाली मुरूम व काळा पाषाण लागतो, तेथे तर विचारायलाच नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे कोणी विसरलेले नाही. माणसाला पाणी नाही तेथे अर्थिंगच्या खड्ड्यात कोण ओतणार? म्हणून श्रावणात मोजलेला आकडा धरून चालू नये. मोजणी एप्रिल-मेमध्ये करावी.

पाइप अर्थिंग करायचे तर भारतीय मानकाप्रमाणे जीआय पाइप किमान ३८ मिलिमीटर व्यासाचा आणि अडीच मीटर लांबीचा हवा. कोळसा व मीठ आळीपाळीने भरावे, वर पाणी ओतायला नरसाळे ठेवावे. खडक लागून खोली मिळत नसेल तर दोन पाइप पाइपाच्या लांबीहून अधिक अंतरावर बसवून जोडावेत. भिंतीत हातभर सळई ठोकून तिला अर्थिंग म्हणणे ही निव्वळ फसवणूक आहे.

त्याहून वाईट प्रथा म्हणजे न्यूट्रलच तिसऱ्या पिनला जोडणे. खांबावरची न्यूट्रल तार वादळवाऱ्यात तुटली की घरातील फ्रीज, कूलर, मोटार, सगळ्यांच्या लोखंडी अंगात फेज येतो. ज्याने हे केले त्याने काम केले नाही, सापळा लावला.

१९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर आपल्याकडे अनेकांनी जड माळवदे उतरवून पत्रे टाकले. जीव वाचावा म्हणूनच ते केले, पण त्यामुळे वायरिंगचा धोका बदलला. वायर पत्र्याच्या कडेला वा लोखंडी अँगलला घासते, इन्सुलेशन कापले जाते, आणि पूर्ण छप्परच जिवंत होते. त्याच अँगलला कपडे वाळवायची तार बांधलेली असते. पत्र्याखालून जाणारी वायर पाइपातूनच न्यावी आणि छपराचे लोखंड अर्थिंगला जोडावे.

दिव्यांच्या सर्किटची तपासणी फार वेळ खाणारी नाही. एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट व ८०० वॅटपेक्षा जास्त भार नको. बटण फेजमध्येच आहे का, हे बटण बंद करून होल्डरवर टेस्टर लावून पाहावे. न्यूट्रलमध्ये बटण असेल तर दिवा विझतो पण होल्डर जिवंत राहतो. मग मेन बंद करून, बल्ब काढून, बटणे चालू ठेवून ५०० व्होल्टच्या मेगरने फेज-न्यूट्रल एकत्र करून अर्थिंगशी मोजावे. एक मेगओहमपेक्षा कमी आले तर वायर कोठेतरी ओलसर किंवा कापलेली आहे. एलईडी दिवे व पंख्यांचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आधी सोडवावेत, नाही तर मेगर त्यांना जाळेल आणि भरपाई मिस्त्रीच्या खिशातून जाईल. प्रत्येक तिसऱ्या पिनपासून अर्थिंगच्या जोडापर्यंत तारेचा रेझिस्टन्स एक ओहमच्या आत हवा.

इतके करूनही उन्हाळ्यात ५ ओहम मिळेलच असे नाही. तेथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी उपयोगी पडतो. अर्थिंगचा रेझिस्टन्स ५०० ओहम झाला तरी बिघाडात ४६० मिलिअँपिअर जातात आणि तो उडतो. मात्र एक हात फेजला व दुसरा न्यूट्रलला लागला तर तो वाचवू शकत नाही. त्याचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबावे. सारखा उडतो म्हणून तो काढून टाकणारे मिस्त्री आम्हाला माहीत आहेत. बहुधा दोन सर्किटांचे न्यूट्रल एकमेकांत गुंतलेले असतात किंवा जुनी वायर गळत असते. दोष शोधावा, पहारेकऱ्याला घालवू नये.

आता धंद्याची गोष्ट. १९५६ च्या विद्युत नियमांपासून २०२३ च्या केंद्रीय विनियमांपर्यंत कायदा एकच सांगत आला: हे काम परवानाधारक ठेकेदाराने, परमिट असलेल्या माणसांकडून करायचे. आपली कितीतरी मुले उस्तादाच्या हाताखाली उत्तम हुनर शिकतात, पण परमिट काढत नाहीत. मग काम हा करतो, आणि टेस्ट रिपोर्टवर सही दुसराच कोणी न पाहता करतो. पैसा सहीला मिळतो, ठपका हाताला. आयटीआयचा वायरमन किंवा इलेक्ट्रिशियन ट्रेड आणि परमिट, हा रस्ता लांबचा नाही. मेगर व अर्थ टेस्टर एकट्याला परवडत नसतील तर तीन-चार कारागिरांनी मिळून घ्यावेत आणि बिलात तपासणीची मजुरी वेगळी लिहून मोजलेले आकडे तारखेसह द्यावेत. ग्राहकही कागदावरचा आकडा पाहून पैसे देतो, नुसत्या तोंडी "ओके"वर घासाघीस करतो.

मुतवल्ली साहेबांसाठी एक सूचना. वजूखान्यात ओली फरशी, अनवाणी पाय आणि जवळच पाण्याची मोटार किंवा गीझर असतो. अर्थिंगचा खड्डा तेथून वाहून जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवर घेतला तर तो मे महिन्यातही ओला राहील. रमजानच्या रोषणाईची तार ओढण्याआधी तेवढे करून घ्यावे.