डॉक्टर, जरा तोंडही बघा

सरकारी दवाखान्यात रक्तदाब मोजला जातो, साखर तपासली जाते; तोंडात मात्र क्वचितच कुणी डोकावतं. दातांचं दुखणं दंतवैद्याकडे, बाकी सगळं डॉक्टरांकडे, ही आपली वाटणी शरीराला मान्य नाही. मधुमेहात हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्यांची जुनाट सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. हिरड्यांवर नीट उपचार केले, तर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी (रक्तातल्या सरासरी साखरेचं माप) थोडं खाली येतं, असं अभ्यासांत दिसलं आहे.

तोंडाच्या कर्करोगाबाबत तर पुरावा आपल्याच देशातला आहे. केरळमधल्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी लोकांची तोंडं नुसत्या डोळ्यांनी तपासली. निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले: तंबाखू किंवा दारूचं व्यसन असलेल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले.

तपासणीला लागतो बॅटरीचा उजेड आणि काही मिनिटं. गालांची आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखालचा भाग पाहायचा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तिखटाने होणारी आग, एकावर एक धरलेली तीन बोटं आत जाणार नाहीत इतकं आखडलेलं तोंड, या धोक्याच्या खुणा.

तिशीपुढच्या प्रत्येकाची अशी तपासणी राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात आहेच. ती कागदावर राहू नये. मशेरी, खर्रा, गुटखा यांतलं काहीही घेत असाल, तर पुढच्या खेपेला आशाताईंना किंवा डॉक्टरांना आवर्जून सांगा: तोंडही तपासा.