रात्री उभी गाडी, सकाळी सायलेन्सर गायब

आपल्या वस्त्यांतली कितीतरी मुले कर्ज काढून ईको गाडी घेतात, शाळेची मुले वाहतात. नेमकी हीच गाडी चोरांच्या डोळ्यांत भरली आहे. तिच्या सायलेन्सरमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे मौल्यवान धातू असतात. चोर गाडीखाली सरपटतो, नटबोल्ट खोलतो आणि काही मिनिटांत पसार होतो. सकाळी गाडी ट्रॅक्टरसारखी गर्जते, नवा भाग हजारोंचा, आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर छदामही मिळत नाही, हे बहुतेकांना चोरीनंतरच कळते!

गाडी दिव्याखाली, भिंतीला खेटून लावावी. वेल्डरकडून खाली लोखंडी जाळी बसवावी, कन्व्हर्टरवर गाडीचा नंबर कोरावा. विहाराच्या आवारात जागा असेल तर कमिटीने ती आधी रोजीरोटीच्या गाड्यांना द्यावी; हौसेच्या मोटारी नंतर.

‘स्वस्तात मिळाला’ म्हणून चोरबाजारातून भाग आणणारे आपल्यातही आहेत. पंचशीलातले दुसरे शील त्यांनाही लागू आहे. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हाही आहे.

चोरी झालीच तर गाडी हलवण्यापूर्वी फोटो काढावेत. पोलीस ठाण्यात साध्या अर्जावर भागवून घेऊ नये. कलम ३०३ खाली एफआयआर नोंदवून प्रत मागावी. ती विनामूल्य मिळते.