झबले, टोपडे आणि घरातली शिवण

वाराणसीत मणिकर्णिकेपासून गंगेच्या काठाने उत्तरेकडे चालू लागले, की शिंदे घाटानंतर संकठा घाट लागतो. संकटांचे निवारण करणाऱ्या देवीचे मंदिर येथे आहे आणि तिच्या नावावरूनच घाटाला हे नाव पडले. थोडे पुढे गेल्यावर नागपूरकर भोसल्यांचा घाट आणि त्याच्याही पुढे पंचगंगा, दुर्गा व ब्रह्मा या घाटांचा परिसर येतो. या भागात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. १६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट काशीचे होते. आजचे विश्वनाथाचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात बांधविले. घाट, मंदिरे आणि पंडित यांचा हा इतिहास सर्वपरिचित आहे. परंतु या घरांच्या माजघरांत एक वेगळी परंपराही जतन झाली. ती म्हणजे तान्ह्या मुलांचे कपडे घरीच बेतण्याची आणि शिवण्याची. तिची नोंद फारशी कोणी ठेवलेली नाही.

या शिवणकामाकडे काटकसरीचा एक उपाय म्हणून पाहिले जाते. ते खरे असले, तरी पुरेसे नाही. झबल्याचा आकार, त्याचे बंद, त्याचे कापड या प्रत्येक गोष्टीमागे कारण आहे. हा कपडा दोन गोष्टींचा विचार करून घडला आहे: एक, झपाट्याने वाढणारे बाळाचे शरीर आणि दुसरी, घरातल्या स्त्रीचा सतत खंडित होणारा दिवस.

बाळाचे माप

मोठ्या माणसाच्या कपड्याचे माप लहान केले म्हणजे बाळाचा कपडा होतो, असे नाही. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाची लांबी सुमारे ५० सेंटिमीटर असते. डोक्याचा घेर ३४ ते ३५ सेंटिमीटर असतो, तर छातीचा घेर त्याहून साधारण २ सेंटिमीटरने कमी असतो. म्हणजे बाळाचे डोके हाच त्याच्या शरीराचा सर्वांत मोठा घेर होय. शिवाय मान सावरलेली नसते. त्यामुळे डोक्यावरून ओढून घालावयाचा कपडा त्याला सोयीचा नाही. पाठीमागे पूर्ण उघडणारे झबले समोरून हातांत सरकवता येते, मग बाळाला कुशीवर वळवून बंद बांधता येतात.

दुसरी गोष्ट वाढीची. पाचव्या महिन्याच्या सुमारास बाळाचे वजन जन्मवजनाच्या दुप्पट होते आणि वर्षाच्या अखेरीस तिप्पट. लांबी त्याच वर्षात जवळजवळ निम्म्याने वाढते. अंगाबरोबर बेतलेला कपडा अशा वेळी महिन्याभरात आखूड पडतो. बटणाची जागा ठरलेली असते, बंदाची नसते. पहिल्या महिन्यात झबल्याच्या पाठीमागच्या दोन बाजू एकमेकींवर चढतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात त्या एकमेकींना भिडतात आणि पुढे त्यांच्यात दोन बोटांची फट राहते. कपडा तोच, वाढ बंदांनी सामावून घेतलेली असते.

जुने कापड का?

मराठी घरांत बारशापर्यंत बाळाला नवे कापड न घालण्याची रूढी अनेक ठिकाणी होती. आजीचे जुने लुगडे किंवा आजोबांचे मऊ पडलेले धोतर काढून त्याची झबली, लंगोट आणि दुपटी केली जात. काशीतील मराठी घरात ज्याला गोधडी म्हणतात, त्याला शेजारच्या घरात कथरी म्हणतात. झबला हा शब्द मात्र दोन्ही घरांत समजतो. बिहारमधील सुजनी आणि बंगालमधील कांथा यांचे मूळही जुन्या साड्यांचे पदर एकावर एक ठेवून धावदोरा घालण्यातच आहे.

या रूढीमागील कारण साधे आहे. नव्या सुती कापडात खळ असते, रंग पक्का झालेला नसतो आणि पहिल्या धुण्यात ते आटते. शेकडो वेळा धुतलेल्या लुगड्यातून खळ आणि सुटा रंग केव्हाच निघून गेलेला असतो. त्याचा धागा मऊ पडतो, तो घाम टिपतो आणि लवकर वाळतो. नवजात बाळाची त्वचा मोठ्या माणसाच्या त्वचेपेक्षा पातळ असते. तिला जे कापड खुपत नाही, तेच योग्य.

कापडाची निवड करताना लुगडे उजेडासमोर धरून पाहावे. बसण्याच्या जागी आणि काष्ट्याजवळ ते विरलेले दिसते, तो भाग सोडून द्यावा. नऊवारी लुगड्याची लांबी सुमारे ८ मीटर असते. त्यातले निम्मे कापड टाकाऊ धरले, तरी उरलेल्यात एक डझन झबली बसतात.

येथे एक इशारा देणे अत्यंत आवश्यक आहे. जुनी लुगडी पुष्कळदा ट्रंकेत डांबरगोळ्यांबरोबर ठेवलेली असतात. या गोळ्यांतील नॅफ्थलीन कापडात मुरते आणि श्वासावाटे व त्वचेवाटे बाळाच्या शरीरात जाते. काही बालकांच्या रक्तपेशींत जी-सिक्स-पीडी नावाचे विकर जन्मतः कमी असते. अशा बालकांच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनमुळे फुटतात आणि तीव्र कावीळ होते. ही कावीळ मेंदूला कायमची इजा करू शकते, प्रसंगी जीवावरही बेतते. कोणत्या बाळात ही उणीव आहे, हे पाहून कळत नाही. म्हणून डांबरगोळीचा वास येणारे कापड बाळासाठी वापरूच नये. कपडे टिकविण्यासाठी वेखंड किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवण्याची जुनी पद्धत या बाबतीत अधिक सुरक्षित आहे. पाला पुरचुंडीत बांधून ठेवावा आणि कापड वापरण्यापूर्वी धुऊन उन्हात वाळवावे.

बेतणे आणि शिवणे

साध्या झबल्यासाठी ४५ सेंटिमीटर रुंद आणि ६५ सेंटिमीटर लांब तुकडा पुरतो. तो लांबीत मध्यावर दुमडावा. दुमड ही खांद्याची रेघ झाली, तेव्हा खांद्यावर शिवण येतच नाही. दुमडीच्या मधोमध सुमारे १० सेंटिमीटर रुंदीचा गळा कापावा. मागच्या बाजूस गळ्यापासून खालपर्यंत सरळ चीर द्यावी. दोन्ही कडांना दुमडीपासून ११ सेंटिमीटर बाही सोडून, त्याखाली ९ सेंटिमीटर आत येईल असा उभा तुकडा काढून टाकावा. मधला भाग २७ सेंटिमीटरचा राहतो आणि दोन्ही बाजूंना आखूड बाह्या तयार होतात.

काढलेले चार तुकडे फेकावयाचे नसतात. त्यांतून काखेत बसवण्याचे दोन लहान चौकोन निघतात. शिंपी त्यांना चौबगला म्हणतात. चौबगल्यामुळे हात वर केला तरी कापड ताणले जात नाही आणि शिवण उसवत नाही. उरलेल्या पट्ट्यांचे बंद होतात. गळ्याला उरेब पट्टी लावली, तर गोलाई चुरगळत नाही. गळ्याचे बंद मात्र आखूडच ठेवावेत. लांब बंद मानेभोवती गुंडाळले जाण्याचा धोका असतो.

बाजूच्या शिवणी धावदोऱ्याने घालून कडा दुमडून तुरपाई करावी. पहिल्या महिन्यात काही आज्या झबले उलटे घालीत, म्हणजे शिवणीचा उंचवटा बाहेर राही आणि अंगाला टोचत नसे. मोज्यांच्या आणि हातमोज्यांच्या आत सुटा दोरा राहू देऊ नये. तो बाळाच्या बोटाला वेढला गेला, तर रक्ताचा प्रवाह थांबतो आणि बाळ का रडते आहे हे बराच वेळ कळत नाही.

थंडी आणि कुंची

वाराणसीत मे-जून महिन्यांत तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि लू वाहते, तर जानेवारीत दाट धुके पडून रात्री पारा १० अंशांखाली उतरतो. पुण्या-मुंबईपेक्षा येथील हिवाळा कडक आहे. त्यामुळे उन्हाळ्यात मलमलीचे बिनबाह्यांचे झबले आणि हिवाळ्यात फ्लॅनेलचे लांब बाह्यांचे झबले, असे दोन संच लागतात. डोके हा बाळाच्या शरीराचा मोठा भाग असल्याने त्यातून उष्णताही पुष्कळ बाहेर पडते. म्हणून कान झाकणारे टोपडे आणि त्यावर कुंची.

कुंची हा मराठी घरातला खास प्रकार. डोक्यापाशी टोपीसारखा आकार, मानेपाशी चुण्या आणि पाठीवर खाली सुटलेला घोळ. बारशाला आत्याने खणाची किंवा रेशमी कुंची आणावी असा प्रघात आहे. संक्रांतीनंतरच्या बोरन्हाणाला काळे झबले लागते. बाळाच्या आत्याने कपडे आणण्याची रीत उत्तर प्रदेशातील घरांतही आहे. त्यामुळे या गल्ल्यांत शेजारणींना एकमेकींच्या रिवाजाचे नवल वाटत नाही.

जुन्या चालीत एक दुरुस्ती मात्र हवी. कुंची बाहेर नेताना घालावी. घरात उबदार जागी झोपलेल्या बाळाचे डोके झाकून ठेवू नये. डोक्यातूनच ते आपली जादा उष्णता बाहेर टाकते, आणि सैल कापड तोंडावर आल्यास श्वास कोंडतो. जन्मानंतरचे पहिले काही दिवस व अपुऱ्या दिवसांची बालके यांच्याबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

उजेड आणि वेळ

काशीचे घाट पूर्वेकडे तोंड करून आहेत. सकाळी त्यांवर भरपूर ऊन येते, पण मागच्या अरुंद गल्ल्यांतील घरांत ते दुपारीच काही काळ उतरते. बारीक शिवण उजेडावाचून होत नाही. म्हणून सुई-दोऱ्याची पेटी सकाळी गच्चीवर, दुपारी चौकात, असा शिवणकामाचा मुक्काम हलत असे.

वेळेचे गणित याहून अवघड होते. तान्हे बाळ दर दोन-तीन तासांनी दूध मागते. मधल्या काळात स्वयंपाक, धुणे, मोठ्या मुलांची शाळा. १९३० च्या दशकात कलकत्त्यात 'उषा' शिलाई यंत्रे तयार होऊ लागली आणि पुढे अनेक मध्यमवर्गीय घरांत यंत्र आले. तरीही बाळाचे कपडे पुष्कळ ठिकाणी हातानेच शिवले जात. यंत्राचा आवाज झोपलेल्या बाळाला जागे करतो. हातशिवण मात्र कोणत्याही टाक्यावर थांबवता येते. एका बैठकीत कापून कच्चे टाके घालावेत, दुसऱ्या बैठकीत बाजूच्या शिवणी, तिसरीत गळा आणि बंद. उठताना सुया मोजून पेटीत ठेवावयाच्या, हा नियम मात्र कधी मोडावयाचा नाही.

बाळंतिणीने डोळ्यांना ताण देऊ नये, अशी समजूत होती. म्हणून बाळाची पहिली झबली आजी, मावशी किंवा काकू शिवीत. एकीने बेतावे, दुसरीने टाके घालावेत, धाकट्या मुलीने बंद उलटवावेत, अशी कामाची वाटणी होई आणि त्यातूनच ही विद्या पुढच्या पिढीकडे जाई. तिला कोणी विद्या म्हटले नाही. घरखर्चाच्या वहीत या श्रमाची किंमत कधी लिहिली गेली नाही. तयार कपडा विकत घेणे शक्य होताच अनेक स्त्रियांनी सुई खाली ठेवली, यात त्यांना दोष देण्यासारखे काही नाही. त्यांच्या वाट्याला थोडी विश्रांती आली.

आज दुकानात बाळाचे कपडे सहज मिळतात. रोजच्या वापरातल्या पुष्कळ साड्या कृत्रिम धाग्याच्या असतात. त्या घाम टिपत नाहीत आणि ठिणगी पडल्यास वितळून कातडीला चिकटतात. मऊ पडलेले सुती लुगडे आता घरोघरी सापडत नाही. म्हणून ज्या घरात ते अजून आहे, तेथे ते भांडीवालीला देण्यापूर्वी एकदा उजेडासमोर धरून पाहावे. विकतचा कपडा घेतानाही जुन्या झबल्याची कसोटी लावावी: तो मानेला न ओढता घालता येतो का, आतील शिवण टोचते का, कापड घाम टिपते का आणि बाळ वाढले तर तो किती दिवस पुरेल? ज्यांच्याजवळ दुपारचा एक तास आणि सुई-दोरा आहे, त्यांनी एक झबले तरी घरी शिवून पाहावे. कापताना घरातल्या मुलांनाही जवळ बसवावे, म्हणजे चौबगला कशासाठी लावतात हे पुढेही कोणाला तरी सांगता येईल.